नवरा नार्सिसिस्ट आहे की मीच, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला सात वर्षं झाली, म्हापशाला राहता, भांडण कशावरूनही सुरू होवो शेवटी सॉरी तुम्हीच म्हणता. रील्स बघून तुम्हाला वाटलं नवरा नार्सिसिस्ट आहे, म्हणजे स्वतःलाच सगळ्यांपेक्षा खास समजणारा आणि दुसऱ्याची फिकीर नसलेला, तसं त्याला म्हणालात तर तो म्हणाला खरी नार्सिसिस्ट तूच, आणि आता तुम्हालाच ते खरं वाटायला लागलंय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फोंड्याला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. पण अशा माणसाच्या घरात वाढलेय, म्हणजे माझे बाबा, आणि पुढे माझीच झोप उडाली तेव्हा कौन्सेलरकडे जाऊन बसलेय, त्यामुळे या विषयावर वाचलंय बरंच आणि बघितलंय त्याहून जास्त.

रील्सवाले एक गोष्ट छातीठोकपणे सांगतात की "मी नार्सिसिस्ट आहे का" हा प्रश्न ज्याला पडतो तो नार्सिसिस्ट नसतोच. ऐकायला बरं वाटतं पण तसं काही नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना सरळ एकच प्रश्न विचारून बघितला, की तुम्ही नार्सिसिस्ट आहात हे तुम्हाला कितपत पटतं, आणि ज्यांचा स्कोअर नेहमीच्या चाळीस प्रश्नांच्या टेस्टमध्ये जास्त यायचा तेच लोक सहसा इथेही जास्त हो म्हणाले, त्यांना त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसतच नाही. आणि याच स्वभावाचा जो दुखरा प्रकार असतो, म्हणजे आतून असुरक्षित आणि टीका पटकन लागणारा, ते लोक स्वतःबद्दल शंका घेत रात्ररात्र जागतातसुद्धा. तेव्हा प्रश्न पडला यावरून काहीच ठरत नाही.

त्यापेक्षा हे बघा. स्वभाव माणसासोबत सगळीकडे जातो, माहेरी जातो, ऑफिसात जातो, मैत्रिणींमध्ये जातो. तुमच्या बहिणीला, कामावरच्या बायकांना, जुन्या मैत्रिणीला तुमच्याशी बोलताना शब्द तोलावे लागतात का? तुमची चूक त्यांनी दाखवली तर पुढे काय होतं? जर बाकी सगळीकडे तुम्ही नॉर्मल भांडता, नॉर्मल मिटवता, आणि फक्त एकाच माणसासमोर तुम्हाला स्वतःच्या डोक्याची खात्री वाटत नसेल, तर मी आधी त्या नात्याकडे बघेन, तुमच्या पर्सनॅलिटीकडे नंतर.

आता नवऱ्याबद्दल. नार्सिसिझम थोडाफार सगळ्यांत असतो आणि असायलाही हवा, नाहीतर इंटरव्ह्यूला कोण गेलं असतं. आजार वेगळा. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे नाव अमेरिकन डॉक्टरांच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे डीएसएममध्ये, १९८० साली आलं, आणि त्यात नऊ लक्षणं दिलीत, मी कोणीतरी खास आहे ही समजूत, सतत वाहवा हवी असणं, मला ते मिळालंच पाहिजे हा हक्क, लोकांना वापरून घेणं, दुसऱ्याला काय वाटतं याची फिकीर नसणं, मत्सर, मग्रुरी वगैरे. नऊपैकी निदान पाच हवीत, आणि तीही तरुणपणापासून, आयुष्याच्या सगळ्या कोपऱ्यांत. ऑफिसात प्रमोशन हुकलं म्हणून सहा महिने चिडचिड करणारा नवरा त्यात बसत नाही. अमेरिकेत ३४ हजारांवर लोकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली जो मोठा आकडा छापून आला तो आयुष्यात कधीतरी असण्याचा ६.२ टक्के, पुरुषांत जास्त, आणि बाकीच्या पाहण्यांमध्ये तो याहून बराच कमी येतो. इन्स्टावर मात्र प्रत्येकीचा एक्स नार्सिसिस्ट. गंमत म्हणजे डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, त्यात हे वेगळं नावच ठेवलेलं नाही, तिथे पर्सनॅलिटी डिसऑर्डर एवढंच म्हणतात आणि ती सौम्य, मध्यम की तीव्र ते बघतात. आणि निदान करायला तो माणूस समोर बसावा लागतो, बायकोने केलेल्या वर्णनावरून कोणी शहाणा डॉक्टर लेबल लावणार नाही.

म्हणून लेबल बाजूला ठेवून मी माझ्या घरातलं एक सांगते, त्यात तुम्हाला तुमचं काही दिसतंय का बघा.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या मूळ घरी सगळे जमतात. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचं काम बाबांचं. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंगं, आंबाडे, रानातून आणलेलं काय काय, हे सगळं ते असं बांधायचे की बघायला वाड्यावरचे लोक यायचे, आणि खरंच देखणं असायचं, त्यात वाद नाही. एका वर्षी आत्याचे मिस्टर चहा पिता पिता सहज म्हणाले, यंदा माटोळी जरा पातळ वाटते काय रे. बाबा हसले. सगळ्यांसमोर हसून म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्ही या बांधायला. आम्हाला वाटलं विषय संपला.

रात्री खोलीत आईवर निघालं. तिच्या भावाने सत्तरीहून सामान उशिरा आणलं, तिने त्याला वेळेवर फोन केला नाही, तिच्या माहेरच्यांना आपली किंमत नाही, तिने मुद्दाम त्यांची अब्रू घालवली. आई काहीतरी म्हणायला गेली तर "तू म्हाका शिकयता?" हे एवढंच, आवाज न चढवता. दुसऱ्या दिवसापासून जेवण बंद, आईशी बोलणं बंद, बाहेर आरतीचं घुमट वाद्य वाजतंय, आरती चाललीय आणि बाबा डोकं दुखतंय म्हणून आत पडून. पाहुण्यांना उत्तरं आई देत होती. शेवटी आईच जाऊन आत्याच्या मिस्टरांना म्हणाली, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हां. त्या बिचाऱ्याला कळलंच नाही वाईट कशाचं वाटून घ्यायचं.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. काही वर्षांनी बाबा कोणाला तरी तीच चवथ सांगत होते, म्हणाले त्या वर्षीसारखी माटोळी पुन्हा झाली नाही, भावोजी तर बघतच राहिले होते. आणि आईने मान हलवली. मी तिच्याकडे बघत होते, ती मला दाखवायला किंवा त्यांना बरं वाटावं म्हणून हलवत नव्हती, तिने खरंच तसंच धरून ठेवलं होतं.

याला, म्हणजे समोरच्याला त्याच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावण्याला, आता सगळे गॅसलायटिंग म्हणतात, पण बाबांनी बसून काही कट केला होता असं मला वाटत नाही. त्यांना तो अपमान त्या आकारात लक्षात ठेवणं झेपलं नसतं, म्हणून तो बदलला, आणि घरातल्या बाकीच्यांना त्यांच्या आठवणीप्रमाणे आपली आठवण शिवून घ्यावी लागली. भपका आणि दुखरेपणा हे दोन प्रकार पुस्तकात वेगळे दिलेत पण आमच्याकडे ते एकाच माणसात एका दिवसात दिसायचे, सकाळी माटोळीखाली छाती काढून उभे आणि रात्री भिंतीकडे तोंड करून. आणि हेही सांगितलं पाहिजे की गावात विचाराल तर बाबांसारखा माणूस नाही, मध्यरात्री कोणाला गाडीत घालून जीएमसीला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलात, नेतील, आणि ते नाटक नसायचं. फक्त त्याची आठवण लोकांनी ठेवली पाहिजे, नाही ठेवली की तो माणूस कृतघ्न.

असं का होतं याची डॉक्टरांमध्ये जुनी भांडणं आहेत. कोहुट नावाचे मनोविश्लेषक म्हणायचे की लहानपणी मुलाला हवं तसं कौतुक, हवी तशी दखल मिळाली नाही की ती भूक तशीच राहते, दुसरे मनोविश्लेषक केर्नबर्ग म्हणायचे की आत राग आणि मत्सर असतो आणि वरचा मोठेपणा त्यावरचं झाकण. थोडं अनुवंशिकही असतं. मला पटलेला अभ्यास नेदरलँड्सचा, २०१५ चा, ५६५ मुलं आणि त्यांच्या आईबापांना दीड वर्ष पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, तर ज्यांचे आईबाप "आमचं मूल इतरांपेक्षा खास" मानायचे त्यांच्यात नार्सिसिझम वाढलेला, आणि ज्यांना घरात नुसती माया मिळाली त्यांच्यात साधा आत्मविश्वास. आमची आजी बाबांना चार मुलींनंतरचा मुलगा म्हणून कशी वाढवायची ते आत्या अजून सांगतात, माशाची तुकडी आधी त्याला, मग उरलं तर बाकीच्यांना. पण कारण कळलं म्हणून घरी रोज होणारा त्रास कमी होत नाही, आणि नवऱ्याच्या बालपणाची दया येऊन तुम्ही अजून दहा वर्षं गप्प बसाल अशीही भीती असते, तेव्हा हे माहितीपुरतं.

तुमच्यावर काय झालंय ते जास्त महत्त्वाचं. माझ्या आईला गेटजवळ स्कूटर बंद होण्याच्या आवाजावरून कळायचं आज मूड कसा आहे, आणि त्याप्रमाणे आम्ही अभ्यासाला बसायचं की टीव्ही बघायचा ते ठरायचं. तिला स्वतःला काय खायला आवडतं हे विचारलं तर ती आधी बाबांकडे बघायची. मी मोठी होऊन ऑफिसात बॉसच्या मेलमध्ये फुलस्टॉप कुठे आहे यावरून तो चिडलाय का हे शोधत बसायचे. तुमच्याही अंगात असलं काही मुरलंय का ते बघा, कारण नवरा नार्सिसिस्ट असो, नुसता हट्टी असो, की डिप्रेशनमध्ये असो, तुमच्या अंगात मुरलेल्या या सवयींवर उपचार तुम्ही आजपासून घेऊ शकता आणि त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही.

करायच्या गोष्टींमध्ये पहिली म्हणजे त्याला पुन्हा "तू नार्सिसिस्ट आहेस" म्हणू नका. ती शिवीच आहे त्याच्यासाठी, आणि अशा माणसाशी वादात लेबल वापरलं की ते तुमच्याच कपाळावर येऊन चिकटतं, आलंच की. त्याने कधीतरी "हो, मी चुकलो" म्हणावं याची वाट बघणंही सोडा, छोटी आणि ठराविक मागणी करा, म्हणजे "तू मला मान देत नाहीस" असं नको, "तुझ्या आईसमोर माझ्या पगारावर बोलू नकोस, बोललास तर मी उठून आत जाईन" असं, आणि मग खरंच उठून जा. साधा हट्टी नवरा कुरकुरेल, दोनचार वेळा विसरेल, पण हळूहळू बदलेल. नाहीच बदलला आणि तुमच्या उठून जाण्याची शिक्षा तुम्हाला मिळायला लागली, तर तीसुद्धा माहितीच आहे, आणि नऊ लक्षणांच्या यादीपेक्षा जास्त कामाची.

एक वही ठेवा. तारीख, काय झालं, कोण काय बोललं, बस. ती त्याच्या तोंडावर फेकायला नाही, दोन महिन्यांनी तुम्हालाच वाचायला. आईने अशी वही ठेवली असती तर ती मान हलली नसती असं मला वाटतं.

त्याच्यासाठी गोळी नाही. नार्सिसिझमवर औषध नाही, सोबत डिप्रेशन किंवा एन्झायटी असेल तर तिच्यावर आहे. थेरपी आहे, स्कीमा थेरपी वगैरे, पण वर्षानुवर्षं चालणारी, आणि असे लोक सहसा नोकरी गेल्यावर, बायको सोडून गेल्यावर, झोप उडाल्यावरच डॉक्टरकडे जातात, तेही डिप्रेशन म्हणून. काही बदलतात. तो जाईल तेव्हा जाईल. कपल कौन्सेलिंगबद्दल एकच, तुम्हाला त्याची भीती वाटत असेल तर एकत्र जाऊ नका, तिथे बोललेलं घरी येऊन फेडावं लागतं, आधी एकटीने जा.

आपल्याकडे बांबोळी म्हटलं की लोक अजून वेड्यांचं हॉस्पिटल म्हणून तोंड वाकडं करतात, पण तिथल्या आयपीएचबीच्या, म्हणजे सरकारी मानसोपचार संस्थेच्या, ओपीडीत साधी साधी माणसं बसलेली असतात, हातात फाइल, कोणी कोणाकडे बघत नाही. तेवढंही नको वाटत असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हात उगारला असेल, पैसे काढून घेतले असतील, घरातून बाहेर जाऊ देत नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणच लागते असं नाही, सततचा अपमान आणि पैशाची अडवणूकही त्यात धरलीय.

आणि गोव्यात आहात म्हणून एक, जे पुण्यामुंबईच्या उत्तरांमध्ये तुम्हाला मिळणार नाही. तुमचं लग्न इथे सिव्हिलमध्ये नोंदवलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथल्या सिव्हिल कोडप्रमाणे मालमत्ता दोघांची सामायिक, निम्मी तुमची, आणि घर-जमीन विकायला तुमचीही सही लागते. म्हणून तो कितीही गोड बोलला किंवा कितीही रागावला तरी कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. माझ्या ओळखीत एकीने भांडण मिटावं म्हणून सही केली, भांडण आठवडाभर मिटलं.

कौन्सेलरकडे पहिल्यांदा जाल तेव्हा "माझा नवरा नार्सिसिस्ट आहे" इथून सुरुवात करू नका, मग अर्धा तास त्या शब्दावरच जातो. वहीतली शेवटची तीन भांडणं जशी झाली तशी वाचून दाखवा, तुम्ही काय बोललात तेही, न लपवता. "मीच तशी आहे का" हे त्यांनाच विचारा, माझ्या कौन्सेलरला मी विचारलं होतं, ती हसली नाही, तिने मला उलट विचारलं की हे तुला पहिल्यांदा कोणी सांगितलं. तुमच्या बाबतीत त्याचं उत्तर तुम्ही प्रश्नातच लिहिलंय.