चतुराचा जवळून फोटो घेताना आजूबाजूचा परिसरही फोटोत कसा आणावा?

तुमची अडचण अशी की चतुर (ड्रॅगनफ्लाय हा कीटक) डोळ्यांपासून शेपटीपर्यंत लख्ख येतो, पण तो तळ्याकाठी टिपलाय की टेबलावर ठेवून, हे फोटोवरून कळत नाही. माझे पहिल्या दोन वर्षांतले फोटो असेच आहेत. चतुर बरोबर मधोमध आणि मागे सपाट हिरवा रंग.

चतुरामागे धावणं सोडून आधी जागा निवडायला लागलो, तेव्हा फरक पडला. पुष्कळ जातींचे चतुर ठरावीक काडीवर बसतात, तिथून झेप घेऊन भक्ष्य पकडतात किंवा दुसऱ्या नराला हुसकावतात आणि पुन्हा त्याच काडीवर येऊन टेकतात. थोडा वेळ शांत बसलात की ती काडी कोणती ते कळतं. चतुर उडालेला असतानाच त्या रिकाम्या काडीवर फ्रेम लावा. मागे एखादा चमकणारा ठिपका आहे का, काठाची रेघ नेमकी त्याच्या डोक्यातून जाईल का, हे तेव्हाच बघून घ्या. काडी जवळ आणि मागचं सगळं लांब असल्यामुळे वीतभर खाली किंवा बाजूला सरकलं तरी गवताच्या जागी पाणी येतं. चतुर समोर बसल्यावर हे सुचत नाही, नजर त्याच्यावरच खिळते. (सतत घिरट्या घालणाऱ्या जाती मात्र अशा बसत नाहीत. त्यांना पहाटे, गारठून झुडपाला लटकलेल्या असताना शोधावं.)

दुसरं म्हणजे, तुम्ही बहुधा गरजेपेक्षा जास्त जवळ जाताय. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी, ३६ मिलिमीटर रुंद असते) १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे चतुर सेन्सरवर खऱ्या आकाराचाच उमटतो तेव्हा, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ८ इतकं लहान ठेवूनही, जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. तेच १:४ वर, म्हणजे पाव आकारावर, आलात की जवळजवळ १ सेंटिमीटर मिळतो. शिवाय १:४ ला फ्रेममध्ये सुमारे १४ सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे ५ सेंटिमीटरचा चतुर एक तृतीयांश जागा घेतो आणि उरलेली जागा त्याच्या घराला मिळते. अॅपर्चर फार बंद करू नका, मागचा पसारा टोचायला लागतो. मागचे लव्हाळे लव्हाळे म्हणून ओळखू यावेत, इतपतच धूसर हवेत. बाजूने घेताना सेन्सर शरीराला समांतर ठेवा. समोरून घेत असाल तर फक्त डोळे साधा, शेपटी विरघळू द्या.

चतुर पंख पसरून बसतो, टाचणी या त्याच्या सडपातळ भाईबंदासारखे मिटून नाही, त्यामुळे पंखांची टोकं फार कापली जातात. एक तर चारही टोकं आत घ्या, नाहीतर सरळ डोक्याच्या जवळ जाऊन पंख ठामपणे कापा. जरासं टोक कापलं की ती चूकच दिसते. काडीचा शेंडा पूर्ण दिसावा आणि तिचं खालचं टोक कोपऱ्याकडे निघून जावं, असं मला आवडतं. चेहऱ्यापुढे मोकळी जागा सोडाच.

भर उन्हाची वेळ बहुतेक जण टाळतात. मी टाळत नाही. ऊन तापलं की काही चतुर शेपटी सूर्याच्या दिशेने उभी करतात, म्हणजे अंगावर कमी ऊन पडतं. तेव्हा कॅमेरा उभा धरा आणि वर भरपूर आकाश ठेवा. फोटोत ऊन जाणवतं. फक्त जवळ जाताना तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका.

आणि कधी नुकताच कात टाकून बाहेर आलेला चतुर दिसला, तर ती रिकामी कातही फ्रेममध्ये घ्या. पाण्यातल्या अळीचं आयुष्य आणि हवेतलं आयुष्य तिथे एकाच काडीवर असतं. मधे येणारं गवत तोडू नका, हाताने हलकेच बाजूला धरा, आणि ती काडी अजिबात हलवू नका. पंख अजून मऊ असतात. तो खाली पडला तर ते वाकडेच वाळतात.