बेळगावात राहून आउटडोअर शिबिरांचा फॅसिलिटेटर कसं होता येईल?

बीकॉम झालंय, ट्रेकिंगची आवड आहे, शाळा-कंपन्यांची शिबिरं घ्यायचीत, तर कोणता कोर्स करू, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर कोर्स नंतर. आधी शिबिरं घेणाऱ्या एखाद्या ग्रुपला मदतनीस म्हणून जोडून घ्या आणि सगळ्यात शेवटच्या पोराबरोबर मागं चाला. कोण कुणाची बाटली संपवतंय, कोण रुसून गप्प झालंय, हे पुढच्या लीडरला दिसत नाही, मागच्याला दिसतं. फॅसिलिटेशनची, म्हणजे मुलांना त्यांच्या अनुभवातून शिकायला मदत करण्याची, निम्मी शिकवणी तिथंच होते.

मी स्वतः खानापूर, जांबोटी आणि येळ्ळूरचा राजहंसगड इथं शाळेच्या मुलांबरोबर फिरत हे शिकले. दोरी, गाठी, तंबू कुणालाही जमतात. खरं काम खेळ संपल्यावर सुरू होतं. डोळ्यांवर पट्ट्या बांधून एका दोरीचा चौकोन करायचा, हा खेळ बघा. मोठ्या आवाजाची दोन पोरं हमखास ताबा घेतात. राजहंसगडाच्या पायथ्याला एक मुलगी सारखी कन्नडमधून म्हणत होती, "मूले इल्लिदे, मूले इल्लिदे." कोपरा इथं आहे म्हणून. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पट्ट्या काढल्या तर आकार कसलाच नव्हता, तिच्या हातातला कोपरा तेवढा नीट काटकोनात.

इथं "काय शिकलात?" विचारलंत की संपलं. सगळे "टीमवर्क" म्हणतात आणि डब्याकडं बघतात. आम्ही विचारलं, "दोरी हातात आल्यावर पहिल्यांदा कोण काय बोललं?" आणि गप्प बसलो. ती शांतता सोसवत नाही, तोंड उघडावंसं वाटतं. तेच आवरायला शिकायचं. बऱ्याच वेळानं शेजारचा मुलगा म्हणाला, "ऐकू आलं होतं, पण मला सांगत्येय असं वाटलं नाही." मग "आता काय वेगळं कराल?" एवढंच विचारून खेळ पुन्हा लावला. अनुभव घ्या, त्याकडं वळून बघा, अर्थ लावा, पुन्हा करून बघा, हे चक्र अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्बनं 1984 मध्ये मांडलं. आपल्याकडची बरीच शिबिरं पहिल्या टप्प्यानंतर थेट जेवायला बसतात.

कन्नड कामापुरतं तरी यायलाच हवं. तरी चर्चेत भाषांतर तुम्ही करू नका, शेजारच्या पोराला करू द्या. मग ती एकमेकांशी बोलायला लागतात.

कोर्सचं म्हणाल तर सगळ्यात आधी प्रथमोपचार. डोंगरातलं तंत्र शिकायचं असेल तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, 1965 पासूनची. तिथला बेसिक 28 दिवसांचा; त्यात 'ए' ग्रेड मिळाली तर ॲडव्हान्स, आणि त्यापुढं शिकवण्याच्या पद्धतीचा वेगळा कोर्स. बेंगळुरूला साहसी खेळ शिकवणारी जनरल तिमय्या अकादमी आहे, ती जवळ पडेल.

पैशाचं स्पष्ट सांगते: सुरुवातीला जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण मिळालं तरी खूप, आणि खानापूरच्या पावसात काम जवळजवळ बंदच. त्यामुळं नोकरी सोडू नका. स्वतःचा ग्रुप काढलात तर भीमगडच्या वाटेला परवानगीशिवाय जाऊ नका. 2011 पासून ते अभयारण्य आहे आणि बारापेडे गुहांतली दुर्मिळ वटवाघळं गोंगाटानं बिथरतात.

दसऱ्याच्या सुट्टीतल्या शिबिरांना माणसं कमी पडतात. त्याआधी दोन-तीन ग्रुपना फोन करा आणि खेळ झाल्यावर ते मुलांशी किती वेळ बोलतात, हे विचारून घ्या.