कॉम्प्युटर सायन्स झेपेल का, हे आधी तपासून बघ

‘मला जमेल का’ याचं उत्तर नुसता विचार करून मिळत नाही. चार आठवडे, रोज तासभर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत कोड लिहून बघ आणि मग ठरव.

सुरुवातीला एकच प्रोग्रॅम घे: तू 1 ते 100 मधली संख्या मनात धरायची, ती कॉम्प्युटरने ओळखायची. दर वेळी मधली संख्या विचारली की उरलेल्या शक्यता निम्म्या होतात, म्हणून सात प्रश्न पुरतात (2 चा सातवा घात 128). कागदावर हे सोपं वाटतं. पण ‘याहून मोठी’ असं उत्तर आल्यावर खालची मर्यादा (उरलेल्या शक्यतांमधली सर्वांत लहान संख्या) ‘मधली अधिक 1’ करायची राहिली, तर 100 धरल्यावर प्रोग्रॅम 99 वरच अडकतो. तिथे प्रत्येक फेरीला दोन्ही मर्यादा छापून बघ, चूक दिसेल. एरर आली तर तिची शेवटची ओळ आधी वाच. एआयकडून तयार कोड मात्र घेऊ नकोस, कारण मग तपासणी तुझी होतच नाही.

अडकणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, त्यावरून स्वतःला जोखू नकोस. चूक सापडेपर्यंत उठवत नाही, असं होतंय का? माझ्या मते खरी खूण ती.

गणिताची धास्ती असेल तर तर्कशास्त्र, संच आणि गणिती विगमन (एका संख्येसाठी खरं तर पुढचीसाठीही खरं, असं दाखवत सिद्ध करायची पद्धत) यांची थोडी उदाहरणं सोडव. पुढे अल्गोरिदम (प्रश्न सोडवायच्या ठरलेल्या पायऱ्या) शिकताना हेच लागतं. शाळेपासून कोडिंग करणारे वर्गात भेटतील. त्यांना भाषेचे नियम आधीपासून येतात, सिद्धता मात्र बहुतेकांना नवीनच असते.