हातचं राखून शिकवू का?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. चौदा वर्षं अकाउंट्सला, महिनाअखेरचं क्लोजिंग तुझ्याशिवाय होत नाही, कुठल्या पार्टीचं पेमेंट रोखायचं ते फक्त तुला ठाऊक, लेकीच्या ऑपरेशनच्या दिवशी पण हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून तू फोनवर एक्सेलचे फॉर्म्युले सांगत होतीस, आणि आता साहेबांनी एक नवीन मुलगी शेजारी आणून बसवलीये, हिला सगळं शिकवा म्हणून. तू विचारतेस, मावशी थोडं हातचं राखू का, नाहीतर मलाच नारळ देतील.

नको राखूस. यात नुकसान तुझंच आहे.

तूच लिहिलंयस की दोनदा प्रमोशन हुकलं. का हुकलं असेल? तुला वर नेलं तर ते टेबल कोण सांभाळणार, एवढंच कारण असू शकतं बाई! ज्याच्यावाचून अडतं त्याला लोक तिथेच खिळवून ठेवतात. सॉफ्टवेअरवाले तर हे मोजतात, बस फॅक्टर म्हणतात त्याला, म्हणजे किती माणसं बसखाली आली तर काम ठप्प होईल (उदाहरण अभद्र आहे, पण त्यांचंच आहे). तुमच्याकडे तो आकडा एक. हा तुझा मान नाही, ऑफिसचा ढिसाळपणा आहे.

आणि अकाउंट्समधे सगळं एकाच्या हातात असणं तसंही बरं नाही. इंग्लंडची बेअरिंग्ज बँक आठवते? सिंगापूरला बँकेचा निक लीसन नावाचा माणूस बाजारातले सौदे पण करायचा आणि त्यांचा हिशोब पण त्याच्याच ताब्यात, तोटा लपत गेला नि १९९५ ला दोनशेहून जास्त वर्षं जुनी बँक बुडाली. म्हणून तर बऱ्याच बँका नाजूक टेबलवरच्या माणसाला सक्तीने सलग रजेवर पाठवतात, दुसरा बसला की लपवलेलं वर येतं. तू काही तशी नाहीस गं, पण लपवायला लागलीस की ऑडिटरला तशीच दिसशील.

माझं सांगते. मी नोकरी सोडली तेव्हा वाटलेलं आता यांचं कसं होणार, फायलींना रंगीत स्टिकर लावायची सिस्टीम माझी, ती दुसऱ्या कोणाला कळायचीच नाही. पहिला आठवडा रोज फोन. तिसऱ्या आठवड्यात एकच, कपाटाची दुसरी किल्ली कुठाय. नंतर कळलं स्टिकर सगळे काढून टाकलेत. रडले मी, खोटं कशाला बोलू.

काढणारच नाहीत याची गॅरंटी मी देणार नाही, बायोडेटा अपडेट करून ठेव. पण क्लोजिंगच्या स्टेप्स स्वतः लिही, आपलं नाव तारीख टाकून साहेबांना मेल कर आणि तोंडावर विचार, ही तयार झाली की मला कुठलं काम देणार? उत्तर टाळलं तर ते पण उत्तरच समज. आणि पार्टी फोनवर थापा मारतेय हे नुसत्या आवाजावरून ओळखणं त्या पोरीला दोन महिन्यांत जमणार नाहीये, तेवढी निश्चिंत रहा.

लेकीला फॉलोअपला न्यायचं असेल ना, त्या दिवशी फोन त्या मुलीकडे डायव्हर्ट करून जा.