वरकस डोंगरावर रान परत आणायचंय, पण रोपांचा खर्च झेपत नाही

प्रश्न, संगमेश्वर तालुक्यातून: दोन एकर वरकस, म्हणजे भातशेतीला न चालणारी डोंगरउताराची जमीन, आहे. तोड झाल्यापासून उघडं पडलंय. रोपं लावली ती उन्हाळ्यात मेली. कमी खर्चात रान कसं धरावं?

रोपं विकत घेण्याआधी जमिनीत काय शिल्लक आहे ते मोजा. सुतळीने 10 बाय 10 मीटरचे चार-पाच चौकोन आखा. त्यात ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ यांचे जिवंत बुंधे आणि गुडघ्याएवढी आपसूक उगवलेली रोपं मोजा. चौकोनात सरासरी सात-आठ निघाली तर एकरी तीनशेच्या आसपास झाली. एवढ्यावर रान उभं राहतं, लागवड नको. बुंध्यांची मुळं जांभ्याच्या भेगांत आधीच उतरलेली असतात. पिशवीतल्या रोपाला मात्र त्यासाठी पावसाचे चारच महिने मिळतात, म्हणून ते एप्रिलात वाळतं.

बुंध्याला पाच-सात धुमारे फुटतात. पहिल्या वर्षी हात लावू नका. दुसऱ्या हिवाळ्यात जमिनीलगत फुटलेले जोमदार दोन ठेवा, बाकीचे धारदार कोयत्याने छाटा. बुंध्याच्या वरच्या कडेला फुटलेला धुमारा कितीही सरळ दिसला तरी ठेवू नका. खालचं लाकूड कुजलं की तो निखळतो. आणि एकदम एकच ठेवलात, तो गुराने मोडला, तर दोन वर्षं फुकट. लहान रोपांशेजारी चिंधी बांधलेली काठी रोवा, नाहीतर गवत कापताना विळ्याखाली जातात. रानमोडी हे तण श्रावण-भाद्रपदात, माती ओली असताना, फुलण्याआधी मुळासकट उपटा.

खरा पैसा आणि मेहनत वणव्यावर घाला. हद्दीने 12 ते 15 फूट रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून साफ केलेला पट्टा, डिसेंबरात काढा. बरेच जण इथेच थांबतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, साफ केलेल्या पट्ट्यावर पाचोळ्याचा थर बसतो आणि आग त्यावरून सरपटत आत येते. म्हणून मार्चअखेरपर्यंत दर पंधरवड्याला पट्टा झाडा. शेजाऱ्याची भाजावळ (भाताच्या रोपांची जागा राब, म्हणजे पाला-गवत, पसरून भाजणं) कधी आहे ते विचारून ठेवा, त्या दिवशी दोन माणसं ओल्या डहाळ्या घेऊन उभी असू द्या. राबासाठी कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या तोडून, काढायचंच असेल तर मोठ्या झाडांचं, तेही खालच्या फांद्यांचं, शेंडा सोडा.

चौकोन रिकामे निघाले तिथेच लावा, तेही सगळीकडे सारख्या अंतरावर नको. दहा-बारा रोपांचे पुंजके करा, मधली जागा पाखरं भरतात. पांगारा आणि वडाचे मनगटाएवढे जाड, सहा-सात फुटी खुंट पावसाच्या तोंडावर दीड-दोन फूट खोल पुरा. त्यावर पाखरं बसली की विष्ठेतून बी पडतं. जांभूळ आणि रातांब्याचं बी साठवून टिकत नाही, फळ खाल्लं की आठवड्याभरात पेरा.

दुसरा प्रश्न, राजापूरकडून: सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं सपाट पठार, मोकळाच आहे. यंत्राने खड्डे मारून झाडं लावावीत का?

नको. सड्यावर मातीचा थर मुळात पातळ, आणि ती जागा गवताची, पावसाळी फुलांची आहे. तोड होऊन उघडी पडलेली नाही. खड्ड्यात पावसाळाभर पाणी तुंबून मुळं कुजतात, मे महिन्यात तेच खड्डे तापतात. ऑस्ट्रेलियन बाभूळ तिथे तग धरते खरी, पण तिच्या पाचोळ्याखाली गवत मरतं आणि वैरण जाते. शिवाय तुमच्या भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, यंत्र फिरवण्याआधी कातळ नीट पाहून घ्या. सड्यासाठी एवढंच करा: गवत बी झडल्यावरच कापा, आग येऊ देऊ नका, आणि झाडं लावायची हौस असेल तर ती खालच्या उतारावरच्या घळीत भागवा, तिथे माती आहे.