भिंतींना उष्णतारोधक थर : आतून की बाहेरून?

प्रश्न : आमच्या तीन मजली इमारतीच्या भिंती नऊ इंची विटांच्या आहेत. हिवाळ्यात खोल्या गारठतात आणि उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या राहतात. उष्णतारोधक थर बाहेरून द्यावा की आतून?

उत्तर : शक्य असेल तर बाहेरूनच द्यावा. 50 मिलिमीटर जाडीचा थर्माकोल उष्णतेला साधारण एक मीटर जाड विटांच्या भिंतीइतका अडवतो. पण तो अखंड असेल तरच त्याचा पुरता उपयोग होतो. बाहेरचा थर स्लॅबच्या आणि तुळयांच्या कडांवरूनही सलग जातो. आतला थर मात्र प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी आणि बाहेरच्या भिंतीला येऊन मिळणाऱ्या आतल्या भिंतींपाशी तुटतो, आणि उष्णता त्या फटींतून ये-जा करत राहते. शिवाय बाहेरून थर दिल्यास विटांचे वजनदार बांधकाम आतल्या बाजूस राहते, त्यामुळे खोलीचे तापमान भराभर चढत-उतरत नाही, आणि उन्हाने भिंत तापण्याची तुमची अडचणही मुळातच कमी होते.

आतून थर दिल्यास चटईक्षेत्र घटते, पण ते त्यामानाने किरकोळ आहे. खरी काळजी ओलाव्याची आहे. हिवाळ्यात खोली उबदार ठेवली, तर थरामागची वीट पूर्वीपेक्षा थंड राहते. स्वयंपाक, अंघोळ आणि श्वास यांतून निघणारी वाफ थरामागे पोहोचली की तिथे तिचे पाणी होते आणि बुरशी धरते, तीही डोळ्यांना न दिसता. म्हणून अशा हवामानात थराच्या खोलीकडील बाजूस बाष्परोधक पडदा सांधे नीट चिकटवून लावावा लागतो. दमट, उष्ण हवामानात वातानुकूलन सतत चालत असेल, तर वाफ उलट बाहेरून आत येते. तिथे हाच पडदा आतून लावणे घातक ठरते.

दर्शनी भाग कोरीव असेल, बाहेरच्या कामाला सर्व रहिवाशांची संमती नसेल किंवा एकाच घराचे काम करायचे असेल, तर आतला पर्याय उरतो. तो काळजीपूर्वक केला तर निश्चितच उपयोगी पडतो. थर कुठलाही असो, भिंतीत आधीच मुरलेली ओल, गळके पाइप आणि गिलाव्याच्या भेगा आधी दुरुस्त कराव्यात.

बाहेरच्या कामात थर्माकोल जळणारा असतो हे विसरू नये. निदान जिन्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वाटांभोवती न जळणारे रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) वापरावे. खिडक्यांच्या चौकटींच्या कडा, सज्जे आणि पाइपांभोवतीचे सांधे कसे करणार, याचे रेखाचित्र कंत्राटदाराकडून परांची बांधण्यापूर्वीच मागून घ्यावे.