आधी सोड्याचं पाणी मोज

प्रिय,

तुझ्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीची नोंद वाचली. सोमवारी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) ९ डीकेएच (हे तिचं एकक), मंगळवारी ६, म्हणून बफर, म्हणजे ती वाढवणारं रसायन, घातलंस. बुधवारी ११, म्हणून घाबरून पाणी बदललंस. आता कोणती बाटली आणू, हा तुझा प्रश्न. कोणतीच नको.

तुझ्याकडे सगळे मऊ प्रवाळ आहेत. (दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित आहेत, त्यांच्या वाटेला गेला नाहीस हे उत्तम.) मऊ प्रवाळांची टाकी एका रात्रीत तीन डीकेएच खात नाही. मंगळवारचा आकडाच खोटा होता, आणि त्यावर तू बफर ओतलंस. पडताळलेला आकडा हातात असल्याशिवाय टाकीत काही घालायचं नाही.

पडताळायचं कसं? खाण्याचा सोडा घे. बेकिंग पावडर नव्हे, शुद्ध सोडा. सोनाराकडे असतो तसल्या बारीक काट्यावर ३ ग्रॅम तोल, १ लिटर आरओ-डीआय पाण्यात (गाळून सगळे क्षार काढलेल्या) विरघळव. त्यातलं १०० मिली घेऊन त्याचं पुन्हा १ लिटर कर. हे पाणी १० डीकेएचचं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालणार नाही. त्यात बऱ्याचदा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. तुझं अल्कलिनिटी मोजायचं किट या पाण्याला १० म्हणत नसेल, तर टाकीबद्दल ते काय म्हणतं याला किंमत नाही.

दुकानात याला कोणी वेळ देत नाही, तिथे बाटल्या विकायच्या असतात. सोडा तोलत बसतो म्हणून मला हेकट म्हणणारे आहेत. म्हणू देत. कुठल्या दिवशी किट बरोबर होतं हे माझ्या वहीत आहे, त्यांच्याकडे नुसता अंदाज आहे.

आता हाताची सफाई. तुझ्या किटमध्ये रंग बदलेपर्यंत रसायनाचे थेंब मोजायचे; ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे एक डीकेएच. बाटली तिरकी धरलीस की थेंब लहानमोठा पडतो, म्हणून ती सरळ उभी धर. नळी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळ; नळाच्या पाण्याचे राहिलेले थेंबही मोजले जातात. पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून रेघेपर्यंत भर. ५ ऐवजी साडेचार मिली घेतलंस तर दहा टक्के तिथेच गेले. १० मिली घेतलंस तर एक थेंब अर्ध्या डीकेएचचा होतो, म्हणजे जास्त बारीक मोजता येतं. हे करच.

आणि क्षारता, म्हणजे पाण्यातलं मीठ, आधी! उन्हाळ्यात पंखा लावून टाकी थंड ठेवतोस, पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३७ झालं की ४२० चं कॅल्शियम ४४४ दिसणारच, कोणी काही न घालता. उडालेलं पाणी भरून, तासभर फिरू देऊन मगच नमुना घे. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळव; नुसत्या साध्या पाण्यावर शून्य जुळवणं पुरेसं नाही.

किट टाकीखालच्या दमट कपाटातून आजच बाहेर काढ. बाटल्यांवर उघडल्याची तारीख लिही. रोज एकाच वेळी मोज, वाटल्यास दिवे लागायच्या आधी.

एवढा धीर तुझ्यात आहे, म्हणूनच रागावून लिहितोय. रविवारी सोड्याच्या पाण्याचा आकडा कळव. टाकीचा आत्ता नको.

तुझा,
काका